रिक्षाची वंशावळ : स्कूटरचे कोणते भाग तिला चालतात आणि कोणते नाहीत

#थ्रेड

‘ऑटोरिक्षा म्हणजे एक चाक वाढवलेली स्कूटर’ असे आपण सहज म्हणतो. हे विधान अर्धे खरे आहे. त्यातला खरा अर्धा कुठे संपतो, ते ठिकाण वाहनावर बोट ठेवून दाखवता येते. त्या सीमेचा हा इतिहास आहे.

हस्तलिखितांचा अभ्यासक दोन पोथ्यांचे नाते कसे ठरवतो? पाठ कुठे जुळतो आणि कुठे फुटतो, हे पाहून. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच पद्धतीने सिद्ध केली. यंत्रांच्या बाबतीत हेच काम सुट्या भागांकडून करून घेता येते. कोणता भाग दोन वाहनांत अदलाबदल करता येतो, हा प्रश्न पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानदारासाठी व्यवहाराचा असतो. आपल्यासाठी तो पुराव्याचा आहे.

प्रारंभ इटलीतला. पोंतेदेरा येथील पियाज्जो कंपनीचा विमान कारखाना दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमानांना मागणी उरली नाही. एन्रिको पियाज्जो यांनी स्वस्त वाहन घडवण्याचे काम कोराद्दिनो दास्कानियो या विमान अभियंत्याकडे सोपवले आणि १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ अवतरली. दास्कानियो यांना मोटरसायकलचे फारसे प्रेम नव्हते, म्हणूनच कदाचित त्यांनी तिचे बहुतेक संकेत मोडले. साखळी काढून टाकली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक यांचा एकच गठ्ठा केला. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये न धरता विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. त्यामुळे पंक्चर झालेले चाक मोटारीसारखे नट काढून उतरवता येऊ लागले, आणि पुढचे चाक मागे, मागचे पुढे बसू लागले. अदलाबदल हा या घराण्याचा जन्मजात गुण आहे.

दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच दास्कानियोंनी ‘आपे’ आणली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. नावांतूनच कामाची वाटणी कळते. पुढचे अंग व्हेस्पाचे, मागे दोन चाकांवर मालाचा हौदा, इंजिन १२५ सीसीचे. मोडून पडलेल्या देशात दुकानदाराला परवडेल असे मालवाहन हवे होते. नवे वाहन शून्यापासून उभारण्याऐवजी सिद्ध झालेल्या स्कूटरचे भाग वापरणे, हीच त्यातली अर्थनीती.

त्याच वर्षी बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे आजच्या बजाज ऑटोच्या पूर्वज कंपनीने, भारतात ही दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास प्रारंभ केला. नवलमल फिरोदिया यांनी मालवाहू तीनचाकीत प्रवासी वाहन पाहिले. माणसाने माणसाला ओढण्याच्या प्रथेला हा पर्याय ठरेल, अशी त्यांची धारणा होती. मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले आणि ऑटोरिक्षा पुण्याच्या रस्त्यावर आली. १९५९ मध्ये बजाजला दुचाकी व तीनचाकी निर्मितीचा परवाना मिळाला. पियाज्जोबरोबरचा तांत्रिक करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली, आणि १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा.

आता पाठ जुळवून पाहू.

चेतकचे इंजिन १४५.४५ सीसीचे. मागे इंजिन असलेल्या टू-स्ट्रोक रिक्षाचेही १४५.४५ सीसीचे. दशांशापर्यंत जुळणारा हा आकडा योगायोगाने येत नाही. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. गणित करून पाहा, हाच आकडा येतो. इटलीतील १५० सीसी व्हेस्पा स्प्रिंटचे माप हेच. म्हणजे करार संपला तरी पोंतेदेराचे माप आकुर्डीत नांदत राहिले. डाव्या मुठीत फिरवायचा गिअरही तोच, इंजिनावर वारा घालणारा पंखाही त्याच कुळातला. मोटरसायकलचे इंजिन धावताना वाऱ्याने थंड होते. स्कूटरचे झाकलेले इंजिन पंख्यावाचून टिकत नाही, आणि रिक्षाचे तर आणखी आत दडलेले.

इथवर नाते स्पष्ट आहे. पाठ फुटतो तो मागच्या चाकांपाशी.

स्कूटरमध्ये इंजिन स्वतःच सस्पेन्शनचा हात असते. खड्डा आला की चाकाबरोबर अख्खे इंजिन बिजागरीवर वरखाली होते. चाक एकच असल्याने हे चालते. दोन चाके आली की ही रचना निरुपयोगी होते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही एकाच गतीने फिरली तर एक फरफटेल. म्हणून डिफरन्शियल लागते. शिवाय प्रत्येक चाकाने आपला खड्डा स्वतंत्रपणे सोसायचा, म्हणून प्रत्येकाला वेगळा हात, वेगळी स्प्रिंग, वेगळा शॉक ॲब्सॉर्बर. इंजिन चौकटीला बांधले जाते आणि चाकांपर्यंत शक्ती दांड्यांनी पोचते. रिव्हर्स गिअरही हवा, कारण रिक्षा पायाने मागे रेटता येत नाही. म्हणजे सिलिंडरच्या आतला मजकूर समान, पण इंजिनाचे आवरण आणि गिअरबॉक्स वेगळे. पोथी एकच, बांधणी निराळी.

सर्वांत फसवे प्रकरण पुढच्या चाकाचे. तिथे दोन्ही वाहने सख्खी भावंडे दिसतात: चाक एकाच बाजूने धरलेले, एकच हात, एकच स्प्रिंग. तरीही स्कूटरचा भाग रिक्षाला लावता येत नाही. एक कारण वजनाचे. रिकामी रिक्षाच स्कूटरच्या दुपटीहून जड, त्यात चालक आणि तीन प्रवासी. स्कूटरची स्प्रिंग तिथे दबूनच राहील. दुसरे कारण मला अधिक रोचक वाटते. स्कूटर वळताना झुकते, त्यामुळे भार चाकाच्या पातळीतूनच खाली जातो. रिक्षा झुकत नाही. ती ताठ राहते आणि वळणाचा सगळा आडवा रेटा एका बाजूने धरलेल्या त्या चाकावर, त्याच्या आखूड आसावर आणि फोर्कवर येतो. दिसायला तोच भाग, पण त्याला सोसावा लागणारा जोर वेगळ्या दिशेचा. म्हणून रिक्षाचा फोर्क जाड.

चाकांचेही तसेच. बजाज सुपर स्कूटरचा टायर ३.५०-८, रिक्षाचा ४.००-८. शेवटचा आकडा रिमच्या व्यासाचा, आठ इंच. पहिला टायरच्या रुंदीचा. चेतकने मात्र दहा इंची चाक स्वीकारले आणि या बाबतीत ती रिक्षापासून दूर गेली. रिक्षाची तिन्ही चाके सारखीच, त्यामुळे एक स्टेपनी तिन्ही जागी चालते. (जाता जाता: ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला; जादा चाक विकणारे तिथले होते. तिकडे तो शब्द जवळजवळ विसरला गेला, आपण तो घरचा करून टाकला.)

या अर्धवट साम्याची किंमत कमी लेखू नये. परवाना-राजच्या काळात नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. ज्याचे पोट रिक्षावर, त्याला गाडी आठवडाभर बंद ठेवणे परवडणारे नव्हते. इंजिनाचे काम स्कूटर जाणणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला येत असे, कारण विद्या तीच होती. गावोगावी स्कूटरचे मिस्त्री आधीच होते. रिक्षाला आपली दुरुस्ती-व्यवस्था नव्याने उभारावी लागली नाही. तिच्या प्रसाराचे श्रेय आपण सरकारी परवान्यांना आणि उद्योजकांना देतो. माझ्या मते त्यात या मिस्त्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो कुठल्याच दफ्तरात नोंदलेला नाही.

हे नाते पुढे सैल होत गेले. प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक इंजिन मागे पडले. फोर-स्ट्रोक आणि सीएनजी रिक्षांचे इंजिन जुन्या स्कूटरच्या कुळातले राहिले नाही. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर-निर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. रिक्षा मात्र निघतच राहिली.

दरम्यान मूळ घराणेही महाराष्ट्रात परतले होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पियाज्जोने बारामतीत ‘आपे’ बनवायला घेतली, ग्रीव्हजच्या डिझेल इंजिनावर. २०१२ पासून तिथेच व्हेस्पाही तयार होऊ लागली. गांधीलमाशी आणि मधमाशी पुन्हा एका गावात आल्या, पण तोवर एकीचे इंजिन गिअरविरहित पेट्रोलचे आणि दुसरीचे डिझेलचे झाले होते. एकीचा पिस्टन दुसरीला बसण्याचा प्रश्नच उरला नव्हता. व्हेस्पाचे पुढचे चाक तेवढे अजूनही एकाच बाजूने धरलेले आहे, १९४६ मध्ये दास्कानियोंनी धरले होते तसेच.