पाखरांचा हजेरीपट

पाखरांची यादी ठेवणे हा रिकाम्या माणसाचा उद्योग आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. इतिहास मात्र उलट साक्ष देतो. दख्खनच्या पाखरांविषयी जे जुने लिखाण आज हाताशी आहे, त्यातले बरेचसे नोकरीच्या रगाड्यात सापडलेल्या माणसांनीच करून ठेवलेले आहे.

साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची आकडेवारी जमविण्याच्या कामावर नेमले. गावे, माणसे, पिके मोजणे हे त्याचे काम. त्याच फिरतीत तो पाखरे टिपीत गेला, आणि १८३२ साली त्याची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीत २०० हून अधिक जाती आहेत. आपल्या माळरानावरचा एक तुरेवाला चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे १८७२ साली ॲलन ह्यूमने ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक काढले. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. स्वतः सरकारी नोकर असलेल्या या गृहस्थाकडे गावोगावचे अधिकारी आपापल्या याद्या पाठवीत.

त्यांतलाच एक जेम्स डेव्हिडसन. हा मुलकी खात्यातला माणूस. हिवाळ्यात तंबू ठोकून गावोगाव फिरावयाचे, सारा आणि तंटे पाहावयाचे, हा त्या खात्याचा शिरस्ता. खानदेशात असताना याने पाखरांची नोंद ठेवली व १८८२ साली पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी छापली. यादीला नावही किती साधे! ‘कच्ची यादी’ एवढेच तो म्हणतो. त्याच सुमारास शहाद्याकडच्या रानात त्याला रानपिंगळ्याचे काही नमुने मिळाले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसलाच नाही.

म्हणजे अगदीच दिसला नाही असे नव्हे. कर्नल माइनर्ट्‌झहागेन हा सधन घराण्यातला, नावाजलेला पक्षीसंग्राहक. आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला एक रानपिंगळा मिळविला, असे त्याच्या संग्रहातली चिठ्ठी सांगत होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे हात हलवीत परत आले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ते जुने कातडे बारकाईने तपासले. पक्षी भरण्याची धाटणी डेव्हिडसनची निघाली! खानदेशातला नमुना चोरून त्यावर खोटी तारीख आणि खोटे गाव चिकटविलेले होते. तेव्हा कर्नलसाहेबांची चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध सुरू झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

या हकीकतीत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. एका बाजूला सवड आणि कीर्ती असलेला माणूस, तर दुसऱ्या बाजूला कामातून वेळ काढणारा अधिकारी. शतकानंतर उपयोगी पडली ती दुसऱ्याची कच्ची यादी. यादीचे मोल तिच्या लांबीवर नसते. पाहिले तेवढेच लिहिले की नाही, यावर असते. वर्षाअखेरीस आकडा फुगविण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने यादी न ठेवलेली बरी.

आम्हा शिक्षकांना हे हजेरीपटावरून लवकर उमगते. हजेरीपटात हजर मुलाइतकीच गैरहजर मुलाची खूण महत्त्वाची असते. नगर जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. ही यादी मिरविण्यासाठी केलेली. पण आज महाराष्ट्रात एखादा माळढोक दिसला तर बातमी होते, आणि त्यामुळे त्या निर्दय आकड्यालाही साक्षीदाराचे मोल आले आहे. किती होते हे ठाऊक नसेल, तर किती गेले हे कशावरून कळणार?

सिन्नरकरांना तर हा हजेरीपट घरबसल्या लिहिता येईल. शेजारच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूरमधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले, आणि २०२० साली रामसर यादीतले महाराष्ट्रातले पहिले पाणस्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या येतात. ते पाहायला रविवार पुरतो. पण तेवढ्यावरही अडून बसण्याचे कारण नाही. देवनदीचा काठ आहे, गोंदेश्वराच्या आवारातली झाडे आहेत, कामावर जातानाची वाट आहे. तारीख, जागा, पाखराचे नाव आणि संख्या, एवढ्या चार गोष्टींना वहीची एक ओळ पुरते. ओळख पटली नाही तर पुढे प्रश्नचिन्ह घालावे. त्याची लाज वाटू नये. अशी वही दहा वर्षे चालली, तर वळवाआधी कोणते पाखरू येते आणि कोणते यायचे थांबले, हे सांगायला गावाला बाहेरचा पंडित आणावा लागणार नाही.