एक गुंठा आणि सहा टक्के

डिसेंबरात मामांकडे घोडेगावला गेलो होतो. (नगर-संभाजीनगर हायवेवर शनिशिंगणापूरचा फाटा लागतो ना, तेच.) रात्री साडेबाराला जाग आली, तर मामा कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी आणि काठी घेऊन निघालेले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. शेजारी ऊस, उसात बिबट्या असण्याची भीती. मीही सोबत गेलो आणि थंडीत कुडकुडत शहरी सल्ला दिला, "मामा, सोलर पंप घ्या की!"

"घेऊ ना. पण तू इंजिनियर ना? ती काच उन्हातली किती वीज धरते, सांग."

"वीस-बावीस टक्के," मी ऐटीत सांगितलं.

"म्हणजे शंभरातले ऐंशी वाया? आमच्या कांद्यात एवढी घट आली तर व्यापारी दारात उभं करायचा नाही!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर वीकेंडला बसून गणित मांडलं, आणि मंडळी, मजेशीर गोष्ट हाती लागली.

२५ एप्रिल १९५४ ला अमेरिकेतल्या बेल लॅब्जने सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल जगाला दाखवला. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांचं हे काम. कार्यक्षमता होती साधारण ६ टक्के. आता मामांची मोटर घ्या. पाच एचपी, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. तिला साधारण ५ किलोवॅटची पॅनल्स लागतात. भर दुपारी एका चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडतं असं धरलं, तर आजच्या २० टक्क्यांच्या पॅनलला २५ चौरस मीटर जागा पुरते. आणि ६ टक्क्यांना? सुमारे ८४. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे १९५४ च्या सेल्सची पॅनल्ससुद्धा मामांच्या एका गुंठ्यात आरामात मावली असती!

मग अडलं कुठे? किमतीत. १९५६ साली स्वतः चॅपिनने हिशोब केला. एका वॅटला २८६ डॉलर. पाच किलोवॅटला १४ लाख ३० हजार डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ६८ लाख रुपये. तेवढ्यात अख्खं गाव विकत आलं असतं.

त्यामुळे ही वीज आधी तिथे गेली, जिथे दुसरी वीज नेताच येत नव्हती. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर. मग १९७० च्या दशकात समुद्रातल्या तेलविहिरींच्या दिव्यांवर, तेही चिप उद्योगाने नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या वापरून. पुढे २००० साली जर्मनीने कायद्याने सौर विजेला चढा भाव बांधून दिला, मागणी वाढली. मग चीनने अवाढव्य कारखाने उभारले. उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण वीस टक्क्यांनी खाली, असा हा क्रम चालत आला. आज पॅनल वॅटला पाव डॉलरच्याही खाली मिळतं. कार्यक्षमता चौपटही झाली नाही, किंमत मात्र हजार पटींहून जास्त उतरली. (कार्यक्षमतेचा वाटा त्यातही आहेच. तेवढ्याच काचेतून आणि फ्रेममधून जास्त वॅट निघतात.)

आपल्याकडेही तेच. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, तेव्हा पहिल्या लिलावात युनिटचा सरासरी भाव १२ रुपयांच्या आसपास होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भाडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावच्या सबस्टेशनजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. प्रायोगिक प्रकल्पासाठी निवडलेल्या दोन गावांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५.

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. "मामा, तुमची घट आणि ही घट वेगळी. कांदा पिकवायला पैसे पडतात, उन्हाला पडत नाहीत. वाया गेलेल्या ऐंशीचं बिल येत नाही. बिल येतं ते काचेचं."

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ऊन फुकट रे, पण विहिरीतलं पाणी? दिवसभर फुकट मोटर चालली तर सगळेच उपसतील."

पुन्हा निरुत्तर. याचं गणित एक्सेलमध्ये बसत नाही, ते गावालाच बसून करावं लागणार.

असो. मामांनी अर्ज भरायला घेतलाय. पुढच्या डिसेंबरात कांद्याचं दारं धरायला मीही जाईन म्हणतो. दुपारी बाराला, रात्री नव्हे!