टेट्रिस परिणाम

खेळ थांबवला तरी तो मनात चालूच राहतो, या अनुभवास ‘टेट्रिस परिणाम’ म्हणतात. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्कोत १९८४ मध्ये रचलेल्या खेळावरून हे नाव पडले. नव्वदच्या दशकात तो ‘ब्रिक गेम’ या स्वस्त यंत्रातून आपल्याकडे आला. आता डोंबिवली-ठाणे लोकलच्या गर्दीतही त्याची भावंडे मोबाइलवर खेळली जातात. मग डोळे मिटताच ठोकळे घसरू लागतात, फलाटावरच्या फरशाही जुळवाव्याशा वाटतात.

हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचे ‘सायन्स’मधील संशोधन (२०००) याबाबत मोलाचे आहे. मेंदूच्या इजेमुळे स्मृती गमावलेल्या तीन रुग्णांना आपण खेळलो हेही आठवत नव्हते. तरी झोप लागताना त्यांना खेळाचीच चित्रे दिसली. जाणिवेतील आठवण नसतानाही मेंदू सराव जपून ठेवतो, असा याचा अर्थ.

पालकांना धास्ती वाटते, पण हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत २०२२ पासून लागू झालेला ‘गेमिंग डिसऑर्डर’ वेगळा. त्यात खेळण्यावरचा ताबा सुटतो आणि अभ्यास, नोकरी, नाती मागे पडतात. उलट, ऑक्सफर्डमधील २००९ च्या प्रयोगात क्लेशदायक चित्रफितीनंतर टेट्रिस खेळलेल्यांना ती दृश्ये पुढे कमी वेळा आठवली.