परवचा, प्रगतिपुस्तक आणि माता गट

शाळेच्या इतिहासावर लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. इमारत, देणगीदार, मुख्याध्यापकांची परंपरा, निकाल हे सारे या स्मरणिकेत इतरत्र येईलच. मी याच शाळेतून शिकून पुढे प्राथमिक शिक्षक झालो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत एक प्रश्न माझ्याबरोबर राहिला. या आठवड्यात वर्गात काय शिकवले आणि आपल्या मुलाला त्यातले काय आले, हे एरंडोलच्या घराघरांत कळत कसे होते? त्याचाही एक इतिहास आहे, तो मांडतो.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने एरंडोलची नोंद जाड देशी कागदासाठी नावाजलेले गाव अशी केली आहे. कापूस, नीळ आणि धान्य यांचा व्यापार होता, १८६६ पासून नगरपालिका होती. कागद इथे तयार होई आणि व्यापाऱ्यांचे हिशेबही कागदावर चालत. मुलाच्या अभ्यासाची खबर मात्र कागदावरून घरी येत नव्हती. ती कानावरून येत होती.

पंतोजींच्या शाळेत मूल धुळपाटीवर अक्षर गिरवायचे आणि पाढे तोंडपाठ करायचे. पंतोजींना पालकांकडून पैसा, धान्य, सणावाराला शिधा मिळे. त्यामुळे मुलगा कुठवर आला हे विचारण्याचा हक्क घराला आपोआप होता. सरकारी शाळा आल्यावरही दिवेलागणीचा परवचा टिकला. हातपाय धुऊन मूल देवापुढे बसे आणि श्लोक, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणे. आई चुलीपुढे असे, आजी वाती वळत असे. दोघींना अक्षरओळख नसली तरी काल सतराच्या पाढ्यात अडखळलेला पोरगा आज सरळ गेला, हे त्यांच्या कानाला कळत असे. वडिलांना तर त्यातले गणित रोजच लागे. कापसाचा भाव मणावर, भाजी पावशेरावर. पावकी-निमकी येत नसेल तर पोराला बाजारात पाठवायची सोय नव्हती. शाळेतले गणित आणि घरातले गणित एकच होते, म्हणून घराला ते तपासता येत होते.

हा धागा तुटला तो एका चांगल्या सुधारणेमुळे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि मीटर आले. व्यवहार सोपा झाला, याविषयी वाद नाही. पण आणे-पै आणि मण-शेर गेल्यावर पावकी-औटकी हळूहळू पुस्तकांतून गेली, आणि वडिलांचे पाठांतर निरुपयोगी ठरले. १९६७ मध्ये पुण्याला बालभारती स्थापन झाली, राज्यभर एकसारखी नवी पुस्तके आली. शिकवण्याच्या दृष्टीने ती अधिक चांगली होती. परंतु मुलगा काय वाचतो आहे, ते ऐकून ओळखणे घराला पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

याच काळात शाळेचा कारभार मोठा होत गेला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या; १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळेने आपला हिशेब द्यायचा तो तपासणीस येणाऱ्या साहेबांना. 'दिपोटी' येणार म्हटले की आठवडाभर आधी भिंती सारवल्या जात आणि मुलांची उजळणी होई. शेरेबुकात शेरा पडला की शाळा निर्धास्त. तो शेरा वाचायला कोणा पालकाला बोलावल्याचे मला स्मरत नाही. खबर वर जात होती, घरी जात नव्हती.

वर्गातले रोजचे काम लिहून सांगण्याची कल्पना आपल्या भागात नवी होती असे मात्र नाही. इथून जवळच अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. ते मुलांसाठी होते, पालकांसाठी नव्हते. तरीही एक शिक्षक रोज उठून आपल्या मुलांसाठी लिहितो, हे उदाहरण खानदेशातल्या अनेक शिक्षकांनी मनात जपले.

घरी जाणारा कागद म्हणजे प्रगतिपुस्तक. सहामाहीला एकदा, वार्षिकला एकदा. त्यावर गुण, हजेरी, शेरा आणि खाली पालकाची सही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा आहे. तो अंगठा देणाऱ्या माउलीला गणितात बत्तीस म्हणजे बरे की वाईट, हे आपणच सांगत होतो. आणि आपण काय सांगत होतो ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे! पुढे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. 'स्वतःचे मत समर्पक शब्दांत मांडतो' अशा नोंदी मीही लिहिल्या आहेत. ज्या घरात अहिराणी बोलली जाते तिथे 'समर्पक' शब्द कोणाला पोचणार?

खरी खबर मिळे आठवडे बाजारात. वांगी-मिरचीच्या ढिगाशेजारी पालक गाठत. "गुरुजी, आमना पोऱ्या कसा शे? त्याले वाचता येस का?" या दोन वाक्यांत सगळी पालकसभा होऊन जाई. गुरुजी गावातच राहत होते, तोवर हे चालले. पुढे अनेक शिक्षक जळगावहून ये-जा करू लागले आणि बाजारातली भेटही कमी झाली.

कायद्याने पालकाला त्याची जागा दिली ती बरीच उशिरा. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, असेही त्यात आहे. सभेच्या दिवशी कापूस वेचणीची मजुरी बुडवून कोण येणार, हा प्रश्न मात्र कायद्याने सुटला नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळा घरात शिरली. त्या वर्षाच्या अखेरीस 'स्वाध्याय' उपक्रम आला. पहिली ते दहावीच्या मुलांना दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न येत. ज्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर, तिथे ते पोचले नाहीत. २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले, त्याने या अडचणीवर साधा तोडगा काढला. गल्लीतल्या पाच-सहा आयांचा एक माता गट, त्यात एक लीडर माता. तिच्या फोनवर दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ येतो. बाकीच्या आया तो तिच्या ओट्यावर बसून पाहतात आणि घरी करून घेतात: डाळ-तांदूळ वेगळे कर, पायऱ्या मोजत चढ, गोष्ट सांग. वाचता येण्याची अट नाही. परवच्यानंतर इतक्या वर्षांनी शाळेचे काम आईच्या कानाला आणि डोळ्याला पुन्हा कळू लागले.

मला या इतिहासातून एवढेच दिसते. पालकांना आस्था नव्हती, असे कधीच नव्हते. खबर त्यांना तपासता येईल अशा रूपात पोचली तेव्हा त्यांनी ती तपासली. नुसते गुण आणि शब्द पोचले तेव्हा त्यांनी अंगठा दिला.

म्हणून मेळाव्याला जमलेल्या मित्रांपुढे एक सूचना ठेवतो. शाळेला रंग, पंखे, कपाट आपण देतोच, द्यावेच. त्याबरोबर गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पहिली ते चौथीचा एकेक वर्ग वाटून घ्यावा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वर्गशिक्षकांना भेटून या आठवड्यात काय झाले ते विचारावे आणि एका मिनिटाचा निरोप अहिराणीत बोलून माता गटांना पाठवावा. काय शिकवले आणि घरी मुलाला काय करायला सांगून बघायचे, एवढेच त्यात असावे. 'वीस रुपये देऊन कोथिंबीर आणायला सांगा, उरलेले पैसे त्यालाच मोजू द्या.' यासाठी निधी लागणार नाही, शनिवारचा अर्धा तास लागेल. नावे नोंदवण्यासाठी मेळाव्याच्या दिवशी वही ठेवली आहे.