थोड्या दिवसांची सेवा आणि एक आगबोट

मिशनचे डॉक्टर म्हटले की आपल्या सांगली-मिरजेकडे प्रथम डॉ. वॉन्लेस यांचे नाव निघते. ते १८८९ साली या देशात आले, मिरजेस त्यांनी मोठे इस्पितळ उभारले आणि १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, येथेच काम केले. त्यांच्याही आधी, १८२७ साली, सिंथिया फेरार नावाच्या अविवाहित अमेरिकन बाई मुंबईस आल्या. पुढे अहमदनगरास त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती. या बाई १८६२ साली नगरासच वारल्या. त्या काळी परदेशी मिशनमध्ये जाणे म्हणजे असेच असे. आईबापांचा निरोप घ्यायचा, परक्या मुलखाची भाषा शिकायची आणि बहुधा हाडेही तिकडेच ठेवायची.

भगिनींनो, मला आज लिहायचे आहे ते याच्या उलट प्रकाराविषयी. पंधरा दिवस, महिना, फार तर दोन-तीन महिने परदेशी जाऊन सेवा करायची आणि परत आपल्या घरी यायचे, अशी रीत ख्रिस्ती लोकांत पडली त्याला आता साठांहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेत लॉरेन कनिंगहॅम नावाच्या तरुण पाद्रीने १९६० साली 'यूथ विथ अ मिशन' ही संस्था काढली. धर्मशास्त्राची मोठी परीक्षा न दिलेल्या साध्या मुलामुलींनाही थोड्या दिवसांसाठी पाठवावे, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी त्याने दोघा तरुणांना आफ्रिकेतील लायबेरिया देशात धाडले. ते दोघे उपदेशक नव्हते. रस्त्याच्या कामाची मोठी यंत्रे चालविणारे होते. महारोग्यांच्या एका वसाहतीकडे जाणारा रस्ता जंगलातून काढायचे काम त्यांना दिले होते. मला हे वाचून फार बरे वाटले. रस्ता केला म्हणजे तो पावसाळ्यानंतरही थोडाफार राहतो; व्याख्यानाचे तसे नाही.

१९६४ साली याच संस्थेची मुले उन्हाळ्यात बहामा बेटांवर गेली होती. तेव्हा त्या बाजूला मोठे चक्रीवादळ आले. त्या मुलांत एकोणीस वर्षांचा डॉन स्टीफन्स होता. अशा वेळी डॉक्टर, औषधे आणि अन्नधान्य घेऊन एखादी बोट येईल तर किती बरे, हा विचार त्याच्या मनात तेथे शिरला. दवाखान्याची बोट ही कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. अमेरिकेची 'होप' नावाची बोट १९६० पासून देशोदेशी जाऊन रोग्यांवर उपचार करीत होती, आणि पुढे ती सिलोनलाही येऊन गेली. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाने मनात आणणे वेगळे आणि बोट विकत घेणे वेगळे. मधे चौदा वर्षे गेली. लग्न झाले, पत्नी डेयॉन ही नर्स होती, हे पुढे फार उपयोगी पडले.

१९७८ साली त्यांना बोट मिळाली, ती आपल्या ओळखीची! 'व्हिक्टोरिया' तिचे नाव. लॉईड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीने १९५३ साली पाण्यात आणलेली, पाचशे फुटांहून लांब, पांढरी देखणी उतारूंची बोट. इटलीहून सुएझच्या कालव्यातून कराची, मुंबई, कोलंबो करीत ती पार हाँगकाँगपर्यंत जात असे. विमानाने जाणे सर्वांना परवडत नव्हते त्या दिवसांत आपल्याकडचे कित्येक विद्यार्थी असल्याच बोटींनी युरोपला गेले. पुढे विमाने वाढली, उतारू कमी झाले आणि बोट पडून राहिली. ती सुमारे दहा लाख डॉलरना मिळाली. म्हणजे जवळपास मोडीच्या भावाने, असे म्हणतात. तिचे नाव 'अनास्तासिस' ठेवले. ग्रीक भाषेत याचा अर्थ पुनरुत्थान. ग्रीसच्या किनाऱ्यावर तिची डागडुजी करण्यात तीन वर्षांहून अधिक काळ गेला. रंग खरवडणे, गंज काढणे, पाईप बदलणे ही सगळी कामे बिनपगारी मंडळींनी केली. १९८२ साली ती एकदाची निघाली.

आरंभी ती मदतीचे सामान पोहोचवीत असे. पुढे तिच्या पोटात शस्त्रक्रियेच्या तीन खोल्या आणि चाळीस खाटांचा दवाखाना झाला, आणि १९९० नंतर ती मुख्यतः पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत जाऊ लागली. घाना, टोगो, बेनिन, सिएरा लिओन असे ते देश. बंदरात महिनोन्‌महिने उभी राहायची आणि लोक उपचारासाठी चढायचे. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, आणि तोंडावर वाढलेल्या अशा गाठी की ज्यांनी पुढे श्वासच कोंडायचा. रोग्याचा धर्म कोणता हे विचारीत नसत. पैसे घेत नसत.

आता हे काम करणारे कोण, ते ऐका. बोटीवर तीनशेहून अधिक माणसे असत आणि पगार कोणालाच नसे. उलट आपल्या राहण्याजेवणाचा खर्च प्रत्येकजण दरमहा स्वतः भरत असे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही भरी आणि भांडी घासणारीही भरी. मला यातील भांडी घासणारीचे विशेष वाटते. कोणी भाजी चिरायला, कोणी चादरी धुवायला, कोणी केस कापायला असे स्वतःच्या पैशाने आफ्रिकेस गेले. आणखी एक गोष्ट म्हणजे रक्त. बोटीवर रक्ताचा मोठा साठा ठेवीत नसत, माणसांच्या अंगातच तो ठेवलेला असे. गरज पडली की हाक जायची, आणि स्वयंपाकी किंवा इंजिनखान्यातला माणूस येऊन रक्त देऊन जायचा.

कित्येक डॉक्टर दोन आठवड्यांपुरते रजा काढून येत. गॅरी पार्कर नावाचे तोंडाचे व जबड्याचे शस्त्रवैद्य १९८० नंतरच्या दशकात तीन महिन्यांसाठी आले आणि तीसहून अधिक वर्षे राहिले. त्यांचे लग्न तेथेच झाले, मुलेही बोटीवरच वाढली. बोटीवर मुलांसाठी शाळा असे.

आता बायकांच्या दुखण्याविषयी थोडे लिहिते. स्मरणिकेत असले लिहावे का, असे काहींना वाटेल. आपण बायकांनी नाही लिहायचे तर कोणी? आडगावी कोवळ्या वयात बाळंतपण अडते, दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा चालतात. मूल बहुधा दगावते, आणि आईच्या पोटात आतील पडदा सडून भोक पडते. मग लघवी रात्रंदिवस गळत राहते. अंगाला वास येतो. नवरा टाकतो, शेजारणी जवळ बसू देत नाहीत. वेळेवर शस्त्रक्रियेची सोय असली तर हे मुळात होतच नाही, आणि झाले तरी बहुतेक वेळा बरे करता येते. बोटीवर अशा बायका बऱ्या झाल्या की त्यांना नवे रंगीत कपडे देत, डोक्याला रुमाल बांधीत आणि वाजवीत-गात मिरवीत. टाकून दिलेल्या बाईला नवे लुगडे नेसवून चारचौघींत आणणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

या थोड्या दिवसांच्या सेवेवर टीकाही पुष्कळ होते, आणि ती खोटी नाही. सुटीत आठवडाभर गरीब देशात जायचे, भिंत बांधायची, पोरांबरोबर छायाचित्रे काढायची आणि परतायचे. त्या विमानभाड्यात गावच्याच गवंड्याला किती दिवसांची मजुरी मिळाली असती! ज्याला वीट रचता येत नाही त्याने वीट रचायला समुद्रापार जाऊ नये, असे मला स्पष्ट वाटते. मग बोटीचे काम निराळे का? त्याचे कारण असे, की दोन आठवड्यांच्या डॉक्टराच्या खाली कायम राहणाऱ्यांची बैठक होती. माणसे आधी जाऊन सरकारशी बोलत, रोगी तपासून निवडीत. गावातलेच लोक दुभाषे म्हणून पगारावर घेत, कारण भाषेवाचून बाईच्या मनातले कळायचे कसे? दुरून आलेल्यांना जमिनीवर राहायला जागा असे. दुभंगल्या ओठाच्या तान्ह्या मुलाला दूध ओढता येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला पाजून धष्टपुष्ट करण्याचे निराळे काम चाले. डॉक्टर यायचा तो तयार ताटावर. आपल्याकडेही जत्रेत एक दिवस पाणी वाटायला पंचवीस जणी उभ्या राहतात. आदल्या रात्री हंडे कोणी भरले ते त्यातल्या किती जणींना ठाऊक असते?

बोट गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्या लोकांनाही तो पडला. म्हणून २००५ साली सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊन शहरी, वर सांगितलेल्या बाळंतपणाच्या दुखण्यासाठी, त्यांनी जमिनीवर कायमचा दवाखाना उघडला. तेथील डॉक्टर-नर्सना शिकविण्याचे कामही ते करू लागले. तरीही हातात चिठ्ठी घेऊन रांगेत राहिलेला आणि नंबर न लागलेला रोगी असतोच. रोज 'नाही' म्हणण्याचे काम ज्या नर्सबाईकडे असते तिचे दिवस कसे जात असतील?

लायबेरियात १९६१ साली दोघे रस्ता करायला गेले होते, तेथे २००५ साली ही बोट गेली. मधल्या यादवी युद्धात त्या देशातील दवाखाने उद्ध्वस्त झाले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, २००७ साली, बोट फार जुनी झाली म्हणून मोडीत काढली. त्याच वर्षी 'आफ्रिका मर्सी' ही दुसरी बोट, डेन्मार्कमध्ये आगगाडीचे डबे समुद्रापार नेणारी, दवाखाना होऊन लायबेरियात लागली. आणि २०२१ साली मुद्दाम याच कामासाठी बांधलेली 'ग्लोबल मर्सी' चीनमधून आली. जुनी 'व्हिक्टोरिया' तोडण्यासाठी जेथे नेली ते ठिकाण म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातेतील अलंग. मुंबईच्या धक्क्याला उतारू घेऊन येणारी बोट चोपन्न वर्षांनी याच समुद्राच्या काठी आली, आणि तिचे पत्रे, खाटा, भांडी, दिवे तेथल्या बाजारात वजनावर गेले.