बहुनिवड, वेब फॉर्ममधील

वेब फॉर्मच्या एकाच रकान्यात अनेक पर्याय निवडून त्यांचे डेटाबेसमधील नोंदींशी नाते जोडण्याची पद्धत. एका पुस्तकाचे अनेक लेखक असू शकतात आणि एका लेखकाची अनेक पुस्तके. अशा ‘अनेक-ते-अनेक’ संबंधांसाठी ती लागते.

साठवण : एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानानुसार एका कप्प्यात एकच मूल्य असावे. म्हणून लेखकांचे क्रमांक पुस्तकाच्या नोंदीत स्वल्पविरामांनी कोंबत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे जोड-टेबल करतात. त्याच्या प्रत्येक ओळीत एक पुस्तक-क्रमांक आणि एक लेखक-क्रमांक असतो. दोन्ही मिळून प्राथमिक की केली, की तीच जोडी दुसऱ्यांदा शिरत नाही.

फॉर्म : एचटीएमएलमध्ये ‘मल्टिपल’ लावलेली सिलेक्ट यादी किंवा चेकबॉक्स वापरतात. संगणकावर अशा यादीत कंट्रोल (मॅकवर कमांड) कळ न दाबता क्लिक केले, तर आधीची निवड जाते. त्यामुळे पर्याय थोडे असतील तर चेकबॉक्स बरे. ब्राउझर ‘लेखक=7&लेखक=9’ असे एकच नाव पुन्हा पुन्हा पाठवतो. खूण नसलेला चेकबॉक्स मात्र काहीच पाठवत नाही. सगळ्या खुणा काढल्या, तर तो रकाना सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आणि जुनी निवड तशीच राहू शकते. हे टाळण्यासाठी रुबी ऑन रेल्स ही वेब-चौकट सोबत एक रिकामा छुपा रकाना पाठवते.

जतन : पुस्तकाला क्रमांक मिळाल्याशिवाय जोड-ओळ लिहिता येत नाही. म्हणून पायथॉनच्या जँगो या वेब-चौकटीत फॉर्म ‘कमिट=फॉल्स’ देऊन जतन केला, तर पुस्तक साठवल्यावर ‘सेव्ह_एम2एम’ चालवावे लागते. ते राहिले, तर पुस्तक साठते, लेखक जोडले जात नाहीत आणि त्रुटीचा संदेशही येत नाही.

दुरुस्ती : आधी लेखक 3 व 7 होते आणि आता 7 व 9 निवडले, तर 3 ची ओळ काढावी, 9 ची घालावी, 7 ला हात लावू नये. सगळ्या ओळी पुसून नव्याने लिहिल्यास त्यांतील लेखकक्रमासारखी जादा माहिती हरवते. हे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे किंवा एकही नाही अशा रीतीने, व्हावेत.

तपासणी : फॉर्ममधून येणारा क्रमांक वापरकर्ता बदलू शकतो. तो अस्तित्वात आहे का आणि त्या वापरकर्त्याला निवडण्याची मुभा आहे का, हे प्रत्येक वेळी सर्व्हरनेच तपासले पाहिजे. ब्राउझरमधील तपासणी त्याला पर्याय नाही.