विद्यापीठाच्या दारात पाऊल टाकण्याआधी



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही लिहा, असा मंडळाच्या पोरांनी आग्रह धरला. आम्ही गिरणी कामगार. दहावीनंतर शाळा सुटली आणि साच्यावर उभे राहिलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा पंडिती लेख आमच्या हातून व्हायचा नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगतो.

रविवारी विहारात अकरावी-बारावीची मुले अभ्यासाला बसतात. एकदा बारावीतल्या मुलीने विचारले, "काका, शीतयुद्ध पाठ केलं, निर्वसाहतीकरण पाठ केलं. पण यात आपलं काय?" शेजारचा मुलगा म्हणाला, "आणि विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली म्हणतात. नावानं काय होतं?" आम्हाला राग आला नाही, लाज वाटली. आमच्या वेळी शाळेच्या पुस्तकातला इतिहास १९४७ ला झेंडा फडकला की संपायचा. पुढचा इतिहास आम्ही घरात ऐकला, थोडा डोळ्यांनी पाहिला. पण पोरांना सांगायचा राहून गेला.

पुढच्या रविवारी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले दक्षिण आफ्रिका, उजवीकडे मराठवाडा.

डावीकडे पहिले साल १९४८. गोऱ्यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हेच सरकारचे धोरण झाले. १९५३ साली काळ्या मुलांच्या शिक्षणाचा वेगळा कायदा केला. हेतू उघड होता, काळ्या मुलाने मजुरीपुरतेच शिकावे. १९६० साली शार्पव्हिल येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली. पुढे शाळांतले निम्मे विषय आफ्रिकान्स या राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकण्याची सक्ती आली. तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेतोची शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात हेक्टर पीटरसन नावाचा बारा वर्षांचा मुलगा गेला.

उजवीकडे पहिले साल १९५०. निजामाच्या अमलातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यापाड्यांतली आपली मुले तिथे पदवीधर झाली. १९५८ साली त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठ निघाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, अशी मागणी झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली, लोक गाव सोडून पळाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारले. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं होतो. मोठी माणसे विहारात पेपर मोठ्याने वाचायची आणि वाचता वाचता थांबायची, एवढे आठवते.

इथे आम्ही मुलांना विचारले, दोन्हीकडचे सारखे काय आणि वेगळे काय?

सारखे हे की, दोन्हीकडे भांडण शिक्षणाच्या दारात झाले. ज्याने खाली राहावे असे ठरलेले असते, तो शिकू लागला की वरच्याला धोका वाटतो. वेगळे हे की, तिथे कायदाच अन्याय करणारा होता. काळ्या माणसाला देशाच्या निवडणुकीत मतच नव्हते. इथे कायदा आपल्या बाजूने होता. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली होती, मत होते, विधिमंडळाचा ठरावसुद्धा होता. तरी गाव उलटले. नुसता कायदा पास झाला म्हणजे समाज पास होत नाही, हा धडा आम्हाला त्या रेघेने शिकवला.

मग लढा सोळा वर्षे चालला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झाले. जुने नावही त्यात राहिले, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. ही तडजोड होती, हेही मुलांना सांगायला हवे.

आता डावीकडे बघा. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कैदेतून सुटले आणि १० मे १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे तिथला आणि इथला निकाल एकाच वर्षी, चार महिन्यांच्या अंतराने लागला. आणखी एक. १९९० सालीच बाबासाहेबांना मरणोत्तर आणि मंडेलांना भारतरत्न मिळाले. हा जुळून आलेला योग असेल. पण बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, तो योग नव्हता. १९६६ च्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या तरुणांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढली, तोही नव्हता. आपली माणसे जगाकडे बघत होती, आपले दुःख जगाशी ताडून पाहत होती.

एवढे झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे नावासाठी नाही मेली. दारासाठी मेली." आम्हाला वर काही बोलावे लागले नाही.

त्या मुलीने मात्र वहीत तिसरा रकाना आखला आणि वर लिहिले, 'आमचं घर'. १९७८ ला आजोबा कुठे होते, १९८२ च्या संपात घर कसे चालले, १९९४ ला वस्तीत काय झाले. रकाना कोराच होता. तो भरायचे काम पुस्तकाचे नाही, आपले आहे. ज्यांनी हे पाहिले ती माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून वस्तीतल्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना हात जोडून विनंती आहे. मूल बारावी होऊन विद्यापीठाच्या वाटेला लागण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. टीव्ही बंद करा, त्याची वही मागा आणि तिसरा रकाना त्याच्याकडून लिहून घ्या. सालासकट.

जयभीम.